पुढच्या गाडीपासूनचं अंतर

पेडण्याला बदली झाल्याचा कागद हातात पडला तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि गाडी चालवायचा परवाना मिळून मला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत मी गाडी चालवली ती मये ते डिचोली एवढीच, आणि तीही दुपारी एक ते चारच्या मध्ये, दुकानांची शटरं खाली ओढलेली असताना. त्या वेळी डिचोलीच्या बाजारात रस्त्यावर असतात ती कुत्री आणि मी. कुत्र्यांनी मला कधी हॉर्न दिला नाही.

नवी शाळा धारगळच्या पुढे, हायवेपासून थोडी आत. बसने जायचं तर मयेहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे अशा तीन बसेस, आणि पहिला तास आठ वाजता. गाडीने मात्र अस्नोडा, थिवी करत कोलवाळला हायवेला लागलं की पूल ओलांडून पुढे वीस मिनिटं. हे वीस मिनिटांचं गणित माझ्या नवऱ्याने मांडलं. त्या वीस मिनिटांत किती ट्रक, किती कंटेनर, विमानतळाकडे सुटलेल्या किती टॅक्सी, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाड्याची गाडी हातात आल्यामुळे खुशीत असलेले किती पर्यटक भेटतात, ते त्याच्या गणितात नव्हतं.

"दोन रविवारांत शिकवतो तुला," तो म्हणाला.

नवरा स्वतःला फार सावध चालक समजतो. आजवर आपण कुणाला ठोकलं नाही हा त्याचा दाखला. त्याला वाट देण्यासाठी जी माणसं आजवर रस्त्याखाली उतरली असतील त्यांनी त्याला कधी पत्र पाठवलं नाही, म्हणून तो दाखला टिकून आहे.

पहिल्या रविवारी आम्ही हायवेला लागलो. मी साठच्या वेगाने चालले होते. तो शेजारी एका हाताने मोबाईल बघत, दुसऱ्या हाताने मला दिशा दाखवत बसला होता.

"मागचे हॉर्न मारतात गो. ऐकू येत नाही काय?"

"येतं."

"मग वाढव."

"पुढे ट्रक आहे."

"मग उजवीकडून काढ. ट्रकच्या मागे राहून पेन्शन घेणार काय?"

मी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. पूल संपल्यावर जरा मोकळी जागा दिसली तिथे गाडी कडेला घेतली, खाली उतरले, आणि किल्ली त्याच्या मोबाईलवर ठेवली. परतताना गाडी त्याने चालवली. तो पन्नास मिनिटांची वाट पस्तीस मिनिटांत उरकून घरी पोचला आणि त्याचं त्याला समाधान वाटलेलं दिसलं.

माझे सासरे दारातल्या कदेलीवर बसले होते. ही लाकडी कदेल, म्हणजे हाताची खुर्ची, त्यांची स्वतःची; तिच्यात दुसरं कुणी बसत नाही. मी त्यांना बाबा म्हणते. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं त्यांनी खाणीचा टिपर चालवला. खाणीवरून खनिज भरायचं, गावातल्या रस्त्याने नदीच्या धक्क्यावर आणून बार्जमध्ये ओतायचं, रिकामा टिपर घेऊन परत. दिवसाला जमतील तेवढ्या खेपा. त्या काळात आमच्या गावची झाडं, घरं, वाळत घातलेले कपडे, सगळं तांबडं असायचं, आणि टिपरवाल्यांना गावात कुणी चांगलं म्हणत नसे. तरी आमच्या दिवाणखान्यात, देवांच्या तसबिरींच्या जरा खाली, एक चौकट आहे. वीस वर्षं विनाअपघात सेवा केल्याबद्दल खाणीच्या एका कार्यक्रमात दिलेलं मानपत्र.

मी नवऱ्याच्या शेजारच्या सीटवरून उतरून तडक आत गेले हे बाबांनी पाहिलं असावं. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"बाय, उद्यापासून मी येतो तुझ्यासोबत."

"तुम्ही चालवणार?"

"मी कशाला? मला आता परवाना नाही. तू चालवशील. पण उद्या नाही. उद्या फक्त बघायचं."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आम्ही तीन बसेस बदलून धारगळला गेलो. हायवेच्या कडेला एक चहाची टपरी आहे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेली. बाबांनी दोन चहा सांगितले आणि खुर्ची रस्त्याकडे तोंड करून फिरवली. एक तास आम्ही तिथे बसलो. मला आधी वाटलं त्यांना कुणाची तरी वाट बघायची आहे.

"काय बघितलंस?" तासाने त्यांनी विचारलं.

"गाड्या."

"गाड्या सगळेच बघतात. तू मधली जागा बघ." त्यांनी बोटाने दाखवलं. "तो दुधाचा टँकर. त्याच्यापुढे रिकामी जागा आहे. त्याने काही चूक केली तर ती जागा त्याला सांभाळून घेईल. आता त्याच्या मागची लाल गाडी. तिच्यापुढे जागा नाही. टँकरने जी चूक केली तीच तिला करावी लागणार."

मग त्यांनी मला मोजायला शिकवलं. पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश तीन आकडे म्हणायचे. तीन म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाला पोचलो तर आपण जास्त जवळ आहोत. पावसात पाच म्हणायचे. ट्रकच्या बाजूने कधी रेंगाळायचं नाही. त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. आणि वळण चुकलं तर पुढचं वळण घ्यायचं. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

पुढे महिनाभर रोज सकाळी साडेसहाला बाबा माझ्या शेजारी बसले. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, मांडीवर पाण्याची बाटली. मला शाळेत सोडून, म्हणजे माझ्याकडून स्वतःला शाळेपाशी सोडून घेऊन, ते तीन बसेसनी परत मयेला जात. दुपारी मी एकटी घरी येई. माझ्यासारख्या बाईला गाडी शिकवायला एवढा प्रवास करणारा शिक्षक मी शिक्षण खात्यात पाहिलेला नाही.

ते बोलत फारच थोडं. मी आपणहून विचारलं तर सांगत.

"बाबा, मी जागा ठेवली की कुणीतरी मध्ये घुसतो."

"घुसू दे. परत ठेव."

"परत कुणी घुसतो."

"परत ठेव."

"मग शाळेत कधी पोचायचं?"

"त्यांच्या मागून," ते म्हणाले.

आणि खरंच आम्ही त्यांच्या मागून पोचत होतो. धारगळच्या सिग्नलला मला चिडून ओलांडून गेलेल्या गाड्या बहुतेक रोज भेटत. आम्ही त्यांच्या मागे उभे राहत असू, आणि त्यांचे चालक लाल दिव्याकडे, तो लाल असणं हा कुणाचा तरी वैयक्तिक अपराध असल्यासारखे, बघत असत.

महिन्याच्या शेवटी मला चालवता येऊ लागलं, आणि त्याबरोबर मला बोलताही येऊ लागलं. शिक्षककक्षात मी बाबांविषयी सांगायला लागले. तीस वर्षं टिपर, एकही अपघात नाही, घरात मानपत्र. मुख्याध्यापिका बाई ते ऐकत होत्या. शाळेत रस्ता सुरक्षेवर एक कार्यक्रम ठरला होता, बाहेरून एक व्याख्याते येणार होते, आणि अशा कार्यक्रमांची जबाबदारी नव्या शिक्षिकेवर टाकायची पद्धत असल्याने ती माझ्यावर होती.

"मग तुमच्या सासऱ्यांचा सत्कार करू या," बाई म्हणाल्या. "मुलांपुढे आदर्श पाहिजे."

घरी सांगितलं तेव्हा बाबा नको म्हणाले. आधी साधं नको म्हणाले, मग उठून बाहेर गेले. मी त्यांच्या मागे गेले. मी म्हणाले, मुलांना चांगलं वाटेल, आणि मी बाईंना शब्द दिलाय. खरं कारण हे की मला मिरवायचं होतं. पेडण्याच्या शाळेत मी नवी होते आणि माझ्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "येतो."

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट घातला. कोलवाळचा पूल ओलांडला तेव्हा माझ्या मागे एक राखाडी जीप होती. पुलापासून ती मला हॉर्न देत होती, कारण माझ्यापुढे मोकळी जागा होती आणि ती जागा त्या जीपच्या चालकाला वाया गेल्यासारखी वाटत असावी. उजवीकडे ट्रकांची रांग असल्यामुळे त्याला पुढे जाता येत नव्हतं. आरशात मला फक्त जीपचं बॉनेट दिसत होतं.

"मागे बघू नको," बाबा म्हणाले. "पाय हलका कर. मागच्याला वेळ नाही, तर आपण त्याच्या वाटणीचा वेळ पुढे ठेवायचा."

विमानतळाकडे वळायच्या आधी जो चढ आहे तिथे माझ्यापुढची पांढरी गाडी अचानक थांबली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची. मागच्या काचेतून सुटकेसी दिसत होत्या. तिचं वळण चुकलं होतं. आणि मग, हायवेच्या मधोमध, तिचे पांढरे दिवे लागले आणि ती मागे यायला लागली.

मी ब्रेक दाबला. घाबरून नव्हे, जसा रोज दाबत होते तसा, आधी थोडा, मग पूर्ण. चारी दिवे चालू केले. माझी गाडी थांबली तेव्हा पुढे अजून दोन गाड्या मावतील एवढी जागा होती. पांढऱ्या गाडीने तेवढ्या जागेत मागे येऊन, वाकडं होऊन, आपलं वळण घेतलं. आतल्या एका बाईने आमच्याकडे बघून हात हलवला. आभार मानले असावेत.

पण त्याआधी, मी थांबले त्याच क्षणी, मागून दणका बसला होता.

फार मोठा नव्हता. माझी मान मागे जाऊन पुढे आली, बाबांच्या मांडीवरची बाटली खाली पडली. "लागलं?" आम्ही दोघांनी एकमेकांना एकाच वेळी विचारलं. कुणालाच लागलं नव्हतं. मी गाडी कडेला घेतली. जीपही कडेला आली. तिच्यातून पन्नाशीचे, टाय लावलेले एक गृहस्थ उतरले.

"मॅडम, असा अचानक ब्रेक मारतात का?"

बाबा सावकाश उतरले, मागे जाऊन माझ्या गाडीचा बंपर बघितला, जीपचं तोंड बघितलं, आणि त्या गृहस्थांना विचारलं, "तुम्ही किती अंतर ठेवलं होतं?"

"अंतराचा प्रश्न नाही. मी यांच्या मागेच होतो."

"होय," बाबा म्हणाले. "ते कळलं."

गृहस्थांनी घड्याळ बघितलं. एका कार्यक्रमाला पोचायचं आहे, उशीर होतोय, गाडीचं काय ते नंतर बघू, असं म्हणत त्यांनी आपला नंबर लिहून द्यायला जीपचं दार उघडलं. मागच्या सीटवर पत्रकांचे गठ्ठे होते, चार नवी हेल्मेटं होती आणि एक गुंडाळलेला फलक. फलकाचं टोक उलगडलं होतं. त्यावर 'सुरक्षित अंतर' एवढं वाचता येत होतं.

"तुम्ही कुठल्या शाळेत चाललात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या शाळेचं नाव सांगितलं आणि रस्ता विचारला.

"माझ्या मागून या," मी म्हणाले. "पण जरा लांबून."

शाळेत पोचल्यावर त्यांचा परिचय मलाच करून द्यायचा होता. कागद आधीच लिहिलेला होता. रस्ता सुरक्षेच्या क्षेत्रातला त्यांचा प्रदीर्घ अनुभव, शेकडो शाळांतून केलेलं प्रबोधन. मी एकही शब्द न गाळता वाचला. ते मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं आता हा माणूस खजील झालाय. पण माणसाला बोलायला माईक मिळाला की खजीलपणा फार वेळ टिकत नाही. त्यांनी चित्रं दाखवली, हेल्मेट घालून दाखवलं, आणि मग म्हणाले, "आज सकाळचीच गोष्ट सांगतो. माझ्या पुढच्या एका बाईंनी हायवेवर अचानक ब्रेक मारला. मी सतर्क होतो म्हणून मोठा अनर्थ टळला."

मुलं हसली. मुलग्यांपेक्षा मुली कमी हसल्या. मी खुर्चीत बसून समोरच्या कुंडीतलं झाड बघत होते. त्या झाडाला किती पानं होती ते मी आजही सांगू शकेन.

मग बाबांचा सत्कार. शाल, नारळ, टाळ्या. मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. मला खात्री होती की ते हात जोडून खाली बसतील. ते माईकपाशी गेले. मला वाटलं, आता सकाळची खरी हकिगत सांगतील, आणि खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या.

"मी तीस वर्षं टिपर चालवला," बाबा म्हणाले. "बाईंनी सांगितलं, अपघात केला नाही. एक केला. तो कागदावर नाही."



"उन्हाळ्याचे दिवस. सकाळची पहिली खेप. पुढच्या टिपरच्या मागे मी लागून चाललो होतो. धूळ एवढी की त्याचे मागचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. लागून कशाला, तर मध्ये जागा ठेवली की दुसरा टिपर घुसायचा, आणि धक्क्यावर त्याचा नंबर आधी लागायचा. ओढ्याच्या मोरीजवळ पुढचा टिपर थोडा उजवीकडे गेला. का गेला ते मला दिसलं नाही. दिसलं तेव्हा पोदेर माझ्या डाव्या चाकापाशी होता."

पोदेर म्हणजे पाव घेऊन येणारा माणूस, हे आमच्याकडच्या मुलांना सांगावं लागत नाही. सायकलवर मागे टोपली, तिच्यात उंडे, म्हणजे गोल पाव, हातात भोंगा.

"त्याला कडेचा धक्का लागला. सायकल गटारात गेली. आरशात मला रस्त्यावर उंडे दिसले. तांबड्या मातीत पांढरे उंडे. मी थांबलो नाही."

पुढच्या रांगेतली एक नववीची मुलगी उभी राहिली. तिने हात वर केला नव्हता, कुणी तिला विचारलंही नव्हतं.

"का थांबला नाही?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मागे टिपरांची रांग होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "ते खरं नाही. रांग थांबली असती. मला भीती वाटली. खेप टाकून परत आलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. मागून कळलं की त्याचा हात मोडला. त्याने कुणाचं नाव सांगितलं नाही, कारण सगळे टिपर सारखेच तांबडे. त्याच वर्षी मला मानपत्र मिळालं."

मुलगी अजून उभीच होती. बाबांनी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि टेबलावर नारळाशेजारी ठेवली. "त्या दिवसापासून मी मध्ये जागा ठेवायला लागलो. दुसरे घुसायचे. घुसू दिले. माझ्या खेपा कमी व्हायला लागल्या. पण ते सगळं नंतर," ते म्हणाले, आणि खाली बसले.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी उभी राहिले आणि कागदावर लिहिलेले आभार मानले. काय मानले ते आठवत नाही.

चहाच्या वेळी कुणी बाबांच्या जवळ येईना. मुख्याध्यापिका बाई दोनदा त्यांच्या दिशेने निघाल्या आणि दोन्ही वेळा त्यांना ऑफिसात काहीतरी काम आठवलं. शेवटी व्याख्याते आले. हातात भाजीपावाची कागदी बशी होती, तिला त्यांनी हात लावलेला नव्हता. ते बाबांच्या शेजारी बसले.

"सकाळचं माझं चुकलं," ते हळू म्हणाले.

"होय," बाबा म्हणाले. "पण तुम्ही थांबला."

ते गृहस्थ जायला निघाले तेव्हा मी फाटकाशी होते. त्यांनी जीपमध्ये बसून पट्टा बांधला. सकाळी तो बांधलेला होता की नाही, मला आठवत नाही. आठवून बघावंसंही वाटलं नाही.

दुपारी घरी जाताना बाबा माझ्याबरोबरच होते. मी विचारलं, "मला आधी का सांगितलं नाही?"

"तू चौकट पुसत होतीस दर चतुर्थीला," ते म्हणाले. "कधी सांगणार?"

नवऱ्याला संध्याकाळी कळलं तेव्हा तो आधी बंपरवर चिडला, मग बाबांवर. "एवढी वर्षं गेली. आता परक्या गावात जाऊन सांगायची काय गरज होती? उद्या मयेत पोचेल." पोचलंच. पण गावाला त्यात काही नवं वाटलं नाही. टिपरवाल्याने कुणाला पाडलं ही आमच्या गावात बातमी नव्हती. टिपरवाल्याने ते सांगितलं एवढीच बातमी होती, आणि तीही दोन दिवसांत जुनी झाली.

बाबांना मात्र ते पुरलं नाही. रोज सकाळी पाव घेऊन येणारा आता दुसराच, कर्नाटकातून आलेला. त्याच्याकडून त्यांनी जुन्या पोदेराचा पत्ता काढला. तो म्हातारा आता चोपड्याला मुलीकडे राहत होता, नदीच्या काठी.

"बाय, रविवारी मोकळी आहेस?"

चोपड्याला घर शोधायला वेळ लागला नाही. पोदेर अंगणात बसून जाळं दुरुस्त करणाऱ्या जावयाला सूचना देत होता. पातळ, उंच माणूस, डोक्याला सुती टोपी. त्याने बाबांना लगेच ओळखलं.

"मयेचे तुम्ही. आठ उंडे."

ते खरं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात माणसं चार आणि रोज उंडे आठ. उरलेले मी शेजारच्या म्हशीला घालायची. सासऱ्यांना पाव आवडतो अशी माझी समजूत होती. खरं तर ते भाकरी खायचे.

बाबा बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगितलं. मोरीजवळ, टिपर, मी होतो, थांबलो नाही. म्हातारा ऐकत राहिला. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "कुठली खेप ती?"

"म्हणजे?"

"मी तीनदा पडलो त्या रस्त्यावर. तुमची कुठली?"

बाबांना हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबी एक पोदेर होता आणि एकच टिपर.

"उन्हाळा होता," ते म्हणाले. "उंडे सांडले."

"उंडे तिन्ही वेळा सांडले."

"तुमचा हात मोडला."

"हात मोडला तो पावसात. तो तुम्ही नव्हे, तो दुसरा कोण." म्हाताऱ्याने आपला हात वर करून बोटं उघडली, मिटली. "हात चांगला आहे. उन्हाळ्यात, मोरीजवळ... म्हणजे हा." त्याने लुंगी थोडी वर घेऊन उजवा गुडघा दाखवला. तो डाव्यापेक्षा जाड होता. "हा अजून दुखतो. पावसाळ्यात जिना चढता येत नाही."

पंचवीस वर्षं बाबा एका चुकीच्या हाताची काळजी करत होते. ते त्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग अंगणातल्या पायरीवर, म्हाताऱ्याच्या जरा खाली, बसले. माफ केलं असं म्हातारा म्हणाला नाही. बाबांनीही मागितली नाही. मुलीने चहा आणला. थोडा वेळ ते दोघं गुडघ्याविषयी बोलले, कुठला डॉक्टर, कुठलं तेल. मग खाणींविषयी बोलले, त्या बंद पडल्या, परत सुरू होणार म्हणतात. कुणीतरी दोन म्हातारे बसस्टॉपवर भेटावेत तसं.

निघताना म्हाताऱ्याने मला विचारलं, "गाडी तू चालवतेस?"

"हो."

"हळू चालव. आणि परत याल तेव्हा तिकडचे उंडे घेऊन या. इथला पाव बरा नाही. रबरासारखा."

परत येताना मी धारगळला हायवेला लागले. रविवारची दुपार, समुद्रकिनाऱ्यावरून परतणाऱ्या गाड्या, मध्ये मध्ये कंटेनर. पुलाच्या अलीकडे एक टेम्पो माझ्यापुढे घुसला, मी पाय हलका केला, मग आणखी एक गाडी घुसली. मी बाबांना काहीतरी सांगायला वळले. ते झोपले होते. मान दाराच्या काचेला टेकलेली, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर. चालत्या गाडीत ते झोपलेले मी कधी पाहिले नव्हते; गाडी कुणीही चालवत असो, त्यांचा उजवा पाय खालच्या रिकाम्या जागेवर ब्रेक दाबत असायचा. मागून कुणीतरी लांबलचक हॉर्न दिला. मी आरशात पाहिलं नाही, पुढच्या गाडीकडे पाहिलं, आणि खांब गेल्यावर पुन्हा मोजायला लागले.